बिनडोळ्यांचा नरकासुर

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर रंगांशी संसार केला, पण आगीशी त्यांचं कधी पटलं नाही. घरात चूल पेटवायची ती त्यांची पाठ वळल्यावर. जेवायला बसले तरी चुलीकडे पाठ करून. थंडीत सगळी वाडी शेकोटीभोवती गोळा व्हायची, तेव्हा हे गृहस्थ घरात जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, कुडकुडत उभे. मी आमोण्याहून पेडण्याला आलेली नवी सून, आणि माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. एकदा विचारलंच, "मामा, विस्तवाक तुमी इतके भियातात, मगे बिडी कशी पेटवतात?"

"ओढणंच नाय," ते म्हणाले आणि पुन्हा मूर्तीच्या सोंडेकडे वळले. मामा म्हणजे माझे सासरे, यशवंत चितारी. गावात त्यांना सगळे 'बोटीवरचे यशवंत' म्हणत.

त्याची गोष्ट गावाला पाठ होती. बापाचा धंदा गणपतीच्या मूर्तींचा. विशीत बापाशी वाजलं, तसे मामा मुंबईला पळाले आणि इंग्रजांच्या बोटीवर रंगारी म्हणून लागले. मग लढाई सुरू झाली. बोट जपान्यांच्या हाती सापडली आणि पुढे कित्येक वर्षं ना पत्र, ना निरोप. घरच्यांनी शेवटी त्यांचं तेरावंसुद्धा घातलं. लढाई संपल्यावर एका सकाळी हे दारात उभे. डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत भाजलेला आणि आखडलेला, छातीच्या वर न उचलणारा. काय झालं म्हणून सगळ्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "बॉयलर फुटलो." गावाने मान डोलावली. बोट म्हटली की बॉयलर आला, तो फुटणार नाहीतर काय करणार!

उजवा हात मात्र शाबूत होता आणि तेवढा पुरेसा होता. चवथीला पेडण्यातल्या निम्म्या घरांत मामांचा गणपती बसायचा. माझं काम डिंक कढवून द्यायचं. डिंक रंगात घातला की रंग धरून राहतो आणि त्यावर रोगणाचा हात फिरवला की पाणी नुसतं घरंगळतं. डोळे मात्र मामा सर्वांत शेवटी आखायचे. त्या दिवशी आम्हाला बाहेर काढायचे आणि कोणाशी अक्षर बोलायचे नाहीत. म्हणायचे, "डोळे आखलंय की ती मूर्त माझी नाय. मगे तिका पाण्यात पोचवची. फोडूची नाय, टाकूची नाय, जाळूची तर नायच."

आणखी एक होतं. दर श्रावणात एक दिवस ते गणपतीच्या चित्रशाळेचं दार आतून लावून घेत आणि दुसऱ्या दिवशी आतल्या भिंतीला स्वतः चुना फासत. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी फटीतून पाहिलं. सगळ्या भिंतीवर कोळशाने काढलेली माणसं होती, सगळी एकाच बाजूला चाललेली. मी घाबरले आणि कोणाला बोलले नाही. वर्षानुवर्षं चुना बसून ती भिंत हातभर पुढे आली होती म्हटलं तरी चालेल.

माझा नवरा मधुकर डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि रविवारी घरी यायचा. मामा त्याला नेमाने विचारायचे, "माल खंय गेलो?" तो सांगायचा, "जपानाक." खाणीची लोखंडाची माती आमोण्याच्या नदीतून बार्जने जाते आणि पुढे बोटीत चढते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मामा समाधानाने म्हणायचे, "बरा. घरां बांदतले आसतले." ज्यांनी या माणसाला कैदेत ठेवलं त्यांच्या घरांची यांना काळजी. मला वाटायचं, म्हातारा साधाभोळा आहे.

हे सगळं चौऱ्याहत्तर सालापर्यंत असं सुरळीत चाललं. त्या वर्षी मे महिन्यात आपल्या देशाने राजस्थानच्या वाळवंटात अणूचा स्फोट केला. रेडिओवर बातमी आली आणि आमच्या वाडीत गोकुळदासने पेढे वाटले. गोकुळदासचं कापडाचं दुकान. वाडीतल्या तरुण मंडळाचा तो पुढारी. माणूस वाईट नव्हता, पण अंगात उत्साह उतू जाणारा, आणि त्याला लगाम घालणारी एकच व्यक्ती, त्याची आई पद्मावती. पद्मावतीकाकी म्हणजे वाडीचं पंचांग. कुठल्या दिवशी काय चालतं आणि काय चालत नाही, हे ब्रह्मदेवाने तिलाच आधी सांगितलेलं. मामांनी पेढा हातात घेतला, तो ओट्यावर ठेवला आणि तिथेच विसरले. मुंग्यांनी खाल्ला.

दिवाळीच्या आधी गोकुळदास आमच्याकडे आला. गोव्यात नरकासुर जळल्याशिवाय दिवाळी नाही. गवताचा, कागदाचा हा राक्षस चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा, मग घरी येऊन तेल लावून न्हायचं, पायाखाली कारीट चिरडायचं आणि पोहे खायचे. दरवर्षी मुलं त्याला गावभर मिरवत. यंदा गोकुळदासच्या डोक्यात नवंच खूळ होतं.

"मामा, यंदा मिरवणूक नाय. देवळासमोर उभो करूया. आनी कृष्णाचा चक्र-बिक्र काय नाय. आंब्याच्या फांदयेक बाँब टांगतलो! आत गर्नाळां भरतलो. वरसून बाँब फुटतलो आनी खाली नरकासुर खलास!" गर्नाळ म्हणजे आमच्याकडचा मोठा फटाका, त्याच्या आवाजाने कौलं हलतात. "तुमी तेका रंगवून दिया. अशी मजा येतली म्हणून सांगू! एका झटक्यात काम. तेका कळाचापण नाय."

मामा पाटावर लाल रंग वाटत होते.

"कळता," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"कळता रे. सगळा कळता."

गोकुळदास हसला. म्हाताऱ्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, असं हसला. मला वाटलं मामा नाही म्हणतील. त्यांनी याआधी कधी नरकासुराला हात लावला नव्हता, जाळायच्या वेळी ते घराबाहेरही पडत नसत. पण ते म्हणाले, "करतंय. दोन गजाली मान्य करूच्यो. पेटवच्या वेळापर्यंत कोणी बगूचा नाय. आनी पेटवच्या आदी माका इचारूचा."

"इचारूया तर! तुमचो मान," गोकुळदास म्हणाला आणि उड्या मारतच गेला.

देवळामागच्या पडवीत मुलांनी बांबूचा सांगाडा आणि गवत आणून टाकलं. पहिल्या दिवशी मामांनी माझ्याकडून डिंक घेतला, रोगणाची बाटली घेतली आणि मला बाहेर घालवलं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा कागदाच्या लगद्याचा मुखवटा फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवसापासून मला आत घेतलं. आता ते नुसता काळा रंग, गेरू आणि राखाडी माती पाण्यात कालवून मागू लागले.

"मामा, डिंक रवलो," मी म्हटलं.

"रवांदी."

"असो कसो रवांदी? दंव पडला तर रंग गळान जातलो. मगे गावाक तोंड खंय दाखवतलात?"

"तू कालवलंस तितक्या माका दी." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मनात म्हटलं, झालं, साठी बुद्धी नाठी. ज्या माणसाने मी या घरात आल्यापासून मला डिंकावरून बोल लावले तो आता डिंकच विसरतो.

पण नरकासुर वर येऊ लागला तशी माझी वटवट बंद झाली. त्याला सुळे नव्हते. लोंबणारी जीभ नव्हती, मिशा नव्हत्या. तोंड म्हणजे काळातांबडा गोळा, त्यात ओठांच्या जागी एक भेग. दोन्ही हात पुढे धरलेले, अंगापासून दूर. मामा पतंगाचा कागद मातीच्या पाण्यात भिजवून बोटांच्या टोकांना चिकटवत होते. कागद पट्ट्यापट्ट्यांनी खाली लोंबत होता.

"ह्यां काय, मामा?"

"कातडी," ते म्हणाले.

मी रंगाची वाटी ठेवून खाली बसले. भिंतीवरची ती कोळशाची माणसं मला आठवली. त्यांचेही हात असेच होते. मामा काम थांबवून माझ्यासमोर उकिडवे बसले आणि बोलू लागले. इतकं सलग ते कधी बोलले नव्हते.

"बॉयलर फुटूक नाय गो, बाय. नागासाकीक होतंय मी, कैदी. एका कारखान्याची भिंत रंगवी होतंय. रस्त्याच्या पलीकडल्या घरात एक बायलमनीस रवायची. कैद्यांकडे बोलूची बंदी होती, तरी कोणाचो डोळो चुकवून कधी उकडलेला रताळा भिंतीवर ठेवून जायची. तिच्या खडावेक तांबडो पट्टो होतो. श्रावणातल्या त्या दिवशी मी भिंतीच्या सावळेक होतंय, डावो हात तितकोच भायर. उजवाड पडलो. मगे काय तां माका याद नाय. उठलंय तेव्हा शहर नाय. माणसां चालत होती, हात असे पुढे धरून, कारण अंगाक लागले तर सोसणा नाय. एकटी माझ्याफुडे येवन उबी रवली. तोंड नाय, डोळे नाय. पायात तांबडो पट्टो. पाणी, म्हणाली. रंगाच्या डब्यात होता तां दिलंय. प्याली. मगे खाली बसली आनी मेली. सांजेक थंयच लाकडां घालून जाळली तिका. दोनदा जळली गो ती."

मी रडत होते. मला राग आला होता आणि कोणाचा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "मगे तिकाच कशाक उबी केलात? ती पोरां उद्या पेटवतली! साधो राक्षस करून दिल्लो आसतो तर?"

"बगूक होया म्हणान. गोकुळदास म्हणता, कळणा नाय." मामा उठले. "तिसऱ्यांदा जाळूक दिवचंय नाय मी. नाय ऐकले तर तिच्याफुडे उबो रवतंय. माका धरून पेटवू देत."

ते ही गोष्ट धमकी म्हणून सांगत नव्हते, म्हणूनच मला धडकी भरली. त्या संध्याकाळी मधुकर दिवाळीला घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. बापाच्या तोंडून जन्मात न ऐकलेली गोष्ट त्याने माझ्याकडून ऐकली. मग म्हणाला, "मी बापाशीक सोडून हालाचंय नाय. पेटवलोच, तर उचलून भायर काडतंय." मला त्याने धीर आला नाही. गवत पेटायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं, आणि वर आंब्याला गर्नाळांनी भरलेला तो पत्र्याचा डबा होता.

चतुर्दशीच्या पहाटे देवळासमोर पेडणं लोटलं. ढोल-ताशांचा कडकडाट, मुलांच्या किंकाळ्या. गोणपाटात झाकलेला नरकासुर उभा, त्याच्या डोक्यावर रंगवलेला बाँब. पद्मावतीकाकी पुढेच होती. गोकुळदासच्या हातात पेटलेली चूड, म्हणजे माडाच्या सुक्या झावळीची मशाल. तिच्या ठिणग्या खाली गळत होत्या आणि खाली गवत सांडलेलं होतं. मामा शर्टाची बाही नीट करत एका बाजूला उभे. आगीच्या इतक्या जवळ मी त्यांना प्रथमच पाहत होते.

मुलांनी गोणपाट ओढलं. आधी मोठा हशा उठला, कारण लोक हसायच्या तयारीनेच आले होते. मग तो हशा पुढच्या रांगेपासून मागे विरत गेला. ढोल एकेक करून थांबले.

"हो कसलो नरकासुर?" कोणीतरी म्हणालं. "हेचे डोळे खंय आसत?"

गोकुळदासचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "मामा, आमची फजिती केलात! माणसां काय म्हणतली?"

"पेटव बेगीन!" पद्मावतीकाकी ओरडली. "हो अपशकुन गावाच्या फुडे ठेवू नको. उजवाडच्या आदी जळूक होयो, नायतर न्हाण नाय, दिवाळी नाय!" तिच्यामागून चारी बाजूंनी ओरडा झाला. पेटव, पेटव. गोकुळदासने चूड वर उचलली.

मामा मध्ये गेले. मधुकर त्यांच्या अंगाला अंग लावून गेला.

"गोकुळदास," मामा म्हणाले, "इचारतलंय म्हणालेलंस."

बोललेला शब्द सगळ्यांसमोर असा आठवून दिल्यावर दुकानदार माणूस काय करणार? त्याने दात ओठ खात विचारलं, "पेटवू?"

"नाय."

एवढी गर्दी, पण चुडीचा तडतड आवाज ऐकू येत होता. मामांनी उजव्या हाताने शर्टाची बटणं काढली आणि डावा खांदा उघडा केला. "माझो बॉयलर फुटूक नव्हतो. तुमचो जो वर टांगलेलो आसा ना, तो फुटलेलो. मी खाली होतंय. हीपण खाली होती. ही राक्षस न्हय. हिका कळला, गोकुळदासा. सगळा कळला, आनी मगे तिणा पाणी मागला."

तेवढंच बोलले. त्यांनी आमच्या घरून आणलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या तोंडाशी न्यायला गेले. ती दीड पुरुष उंच. डावा हात आधाराला वर जाईना, एका हाताने तांब्या पोचेना. पाणी त्यांच्याच मनगटावरून खाली आलं. त्यांनी पुन्हा हात वर केला, पुन्हा तेच. मी पुढे व्हायला हवं होतं, मधुकरने व्हायला हवं होतं, पण आम्ही दोघंही चुडीकडे बघत होतो. ती गोकुळदासच्या हातात तशीच जळत होती आणि जळता तुकडा केव्हा खाली पडेल याचा नेम नव्हता.

पद्मावतीकाकी चालत आली. मला वाटलं आता ही मुलाच्या हातातली चूड घेऊन स्वतःच लावणार. ती मामांच्या उघड्या खांद्याकडे पाहत राहिली. हिनेच एके काळी गावभर सांगितलं होतं की बोटीच्या नोकरीत धर्म बुडतो आणि वर बॉयलर फुटतो.

"गोकुळदासा," ती म्हणाली, "ती चूड वाळूत घाल."

"गे आई, पण..."

"घाल म्हणतंय ना! तानेलेल्या माणसाक कोण जाळता रे?"

तिने देवळाचा बाक ओढला, पदर खोचून त्यावर चढली आणि मामांच्या हातातला तांब्या घेऊन त्या भेगेत ओतला. पाणी आत थोडंच जाणार! ते गालांवरून, गळ्यावरून वाहू लागलं आणि त्याबरोबर काळा रंग वाहू लागला, गेरू वाहू लागला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणून डिंक नको होता.

"आनी हाडा पाणी!" मी ओरडले. "कळशे हाडा!"

बायकांनी विहिरीवरून कळशा आणल्या. प्रत्येक कळशीबरोबर ती जळकी साल उतरत होती आणि आतून कपाळ येत होतं, नाक येत होतं, मग एक डोळा, मग दुसरा. रोगणावरून पाणी घरंगळत होतं. पहाट फुटली तेव्हा देवळासमोर तिशीतली एक बाई उभी होती. सुंदर वगैरे काही नाही. चापट नाक, एक भुवई जराशी वर, आणि चोरून काहीतरी देऊन जाणाऱ्या माणसाच्या ओठांवर असतं तसं हसू. मामा तिला एकोणतीस वर्षं विसरले नव्हते.

पद्मावतीकाकी बाकावरून उतरली आणि तिने गावाला निकाल दिला, "डोळे आखलेले आसत. ही आता जाळूक येवची नाय. पयली हिका पोचवया, मगे आपली न्हाणां."

पुढच्या वर्षी पुन्हा सुळ्यांचा, मिशांचा नरकासुर झाला आणि थाटात जळला. लोक काही एका पहाटेत बदलत नसतात आणि ते बदलले असं मी सांगितलं असतं तर मामाच मला हसले असते. पण तो पत्र्याचा बाँब त्या पहाटे कोणी पेटवला नाही. त्यातली गर्नाळं गोकुळदासने स्वतः काढून पाण्यात बुडवली. पुढच्या श्रावणात मामांनी चित्रशाळेचं दार लावलं नाही आणि भिंतीला चुनाही दिला नाही. पुढे सात वर्षांनी ते गेले. निरोप मिळताच मधुकर डिचोलीहून मातीने भरलेला ट्रक तसाच घेऊन आला होता.

पण त्या पहाटेचं शेवटचं सांगायचं राहिलं. जिथे चवथीचे गणपती पोचवतात त्याच तळीत आम्ही तिला नेलं. ढोल बंद होते. गोकुळदासने आणि मधुकरने तिला खांद्यावर घेतलं होतं. मामा कमरेएवढ्या पाण्यात उतरले, डावा हात छातीशी धरून. गवतात पाणी मुरेपर्यंत ती तरंगत राहिली. मग जड झाली, हळूहळू खाली जाऊ लागली, आणि पाणी तिच्या हनुवटीला, ओठांना टेकलं. मामांनी उजव्या हाताने तिचं डोकं सावरलं आणि माहेरी आलेल्या लेकीला सांगावं तसं म्हणाले, "पी गो, बाय. पोटभर पी."